नळीचं टोक

दुपारचे अडीच. गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखान्यात, स्टोअरमध्ये पुठ्ठा अंथरून शर्वरी कुंभोजकर आडवी होते. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. बाहेर तिचा भागीदार नेमिनाथ मशीन खोक्यात भरायची तयारी करतोय. चारला ट्रक येणार. नवजात बाळांना नाकातून दूध द्यायच्या नळ्या असतात, त्यांचं टोक तापवून गोल करणारं हे मशीन. पाचशे नळ्यांच्या चाचणीत चार नळ्यांची टोकं खरखरीत निघाली. 'नळीच खराब असेल,' असं शर्वरीच म्हणाली. अहवालावर तिची सही तेवढी बाकी आहे.

कॉम्प्रेसरची घरघर हळूहळू लांब जाते. मग ती कुणाच्या तरी श्वासासारखी ऐकू येऊ लागते.

"ताई, कवाधरनं बसलोय. उठा की."

रॅकपाशी स्टुलावर हिंदुराव मिस्त्री बसलेत. त्यांना जाऊन आठ महिने झाले, हे शर्वरीला पक्कं ठाऊक आहे. तरी ती विचारते, "चहा घेतला का मिस्त्री?"

"चहा नगं. साचा कुणी घासला?"

नळीचं टोक ज्यात गोल होतं तो साचा मिस्त्रींनीच घडवला होता. आतून घासायचं काम राहिलं होतं. "दोन दिवस द्या," म्हणाले होते, आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन गेले.

"बाहेरून करून घेतला," ती म्हणते. "वेळ नव्हता."

"बघितलासा?"

"भिंगाखाली बघितला. स्वच्छ आहे."

"डोळ्यानं काय कळतंय!"

ते उठून चालू लागतात, ती मागे. लेथची रांग संपतच नाही. मग लेथ नसतातच, त्या जागी काचेच्या पेट्या आहेत, आणि प्रत्येक पेटीत ओंजळीएवढं बाळ. फरशीवर मात्र तेच तेल, तोच लोखंडाचा कीस. एक बाळ तोंड उघडून रडतंय, आवाज नाही.

"ह्याला काय झालं?" शर्वरी विचारते.

मिस्त्री तिच्यासमोर साचा धरतात. त्याचं भोक तांदळाएवढं, पण आता ते मोठं होतंय. "बोट घाला."

"नको मिस्त्री."

"बाळाच्या नाकात घालायला चालतंय, आणि तुमास्नी नगं?"

कुठूनतरी ट्रक मागे घेतल्याचा आवाज येतोय. पेट्या हादरतात. ती डोळे मिटून बोट आत सरकवते. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग डावीकडे केसाएवढी धार.

"हितं," मिस्त्री हलकेच म्हणतात. "हितं ऱ्हायलं बघा माझं."

"तुम्ही थांबा ना. तुम्हीच करा."

ते मान हलवतात. त्यांच्या खांद्यामागे स्टोअरचं दार दिसू लागतं.

शर्वरी दचकून उठते. बोट चुरचुरतंय. उजव्या तर्जनीच्या पेराला अर्धगोल चीर पडली आहे, रक्त ताजं आहे. आजूबाजूला पुठ्ठा आणि कापडी गठ्ठे, धारदार काहीच नाही.

ती तशीच बाहेर येते. "नेमू, खोकं उघड. साचा काढ."

"ट्रक दारात आलाय! वेड लागलं का तुला?"

"काढ म्हणते ना."

साचा निघतो. ती त्यात कापसाची बारीक वात घालून फिरवते. दोनदा सरळ बाहेर येते. तिसऱ्यांदा डावीकडे अडकते आणि तंतू आतच राहतात. नेमिनाथ वातीकडे बघतो, मग तिच्याकडे. तो गिऱ्हाइकाला फोन लावतो. पलीकडून आवाज चढतो, त्याला बोलूच देत नाहीत.

शर्वरी फोन स्वतःकडे घेते. "मशीन आज येणार नाही," ती सांगते. "चूक आमची आहे."

आणि फोनच्या काचेवर तिच्या बोटाचा लाल ठसा उमटतो.