फाटक बंद, सिग्नल खाली

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी मला 'इंटिग्रेटेड सर्किट', म्हणजे नखाएवढ्या चिपवर मावणारं सर्किट, या विषयावर वर्गात बोलायला सांगितलं. सत्तरच्या दशकाची अखेर होती. परभणीच्या आमच्या कॉलेजात ती वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. सरांनी दिलेल्या इंग्रजी पुस्तकात पानोपानी 'गेट' होतं. पूर्णा स्टेशनजवळ वाढलेल्या मला गेट म्हणजे फाटक, एवढंच ठाऊक. त्यात पुस्तकातला स्विच 'क्लोज्ड' असला की वीज वाहायची. आमच्या घरी तर बटण बंद केलं की दिवा जायचा.

बाबा रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल, सांधे आणि फाटकाचे लिव्हर ओढायचे. शिक्षण चौथी. रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले आणि वैतागून विचारलं, "बाबा, फाटक बंद असल्यावर काही जातं का?"

"गाडी जाते की!"

पॅसेंजर यायची होती. बाबांनी सिग्नलचा लिव्हर दाखवला. "ओढ बरं."

हालेना. त्यांनी रूळ वळवणारा सांधा लिव्हरनं बसवला. तरी हालेना. मग फाटकाचा लिव्हर ओढला, तेव्हा कुठे माझा लिव्हर धाडकन आला आणि बाहेर सिग्नलचा हात खाली पडला, म्हणजे गाडीला वाट मोकळी.

"दोनी झाल्याबिगर ह्यो येतच न्हाई, माय. खाली लोखंडी पट्ट्या एकमेकीत अडकिवल्यात."

घरी येऊन कोणते लिव्हर ओढले की सिग्नल येतो, याचा तक्ता मांडला. दोन्ही बाजूंनी होकार आला तरच पुढे जाऊ देणाऱ्या, पुस्तकातल्या 'अँड गेट'शी तो तंतोतंत जुळला. पण पट्ट्या तर खोलीभर होत्या. नखाएवढ्या तुकड्यात हलतं तरी काय? बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय ठाव? तुझ्या सरायला इचार."

वर्गात मी केबिनच सांगितली. मुलं हसली. सर हसले नाहीत. "पण अशी गेटं जोडून चिपचे नकाशे काढायला शिकायचं कुठून?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"मलाही नाही," म्हणाले, आणि मुंबईत शिकवणाऱ्या मित्राला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तरात एकच प्रश्न आला: गेटं जोडून एक अधिक एक करणारं सर्किट काढा.

महिनाभर झटले. माझ्या सर्किटात बेरीज शून्यच यायची; गेटांना शून्य आणि एक एवढेच आकडे कळायचे, दोनासाठी हातचा लागायचा. हातचा कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी चुकलेलंच पाठवलं. कागद परत आला तेव्हा तांबड्या शाईनं एक गेट वाढवलेलं होतं, खाली लिहिलेलं: 'आता तीन आकडे घ्या.'

पुढे चिपचे नकाशे काढण्यातच माझी नोकरी सरली. त्या दिवशी मात्र ते तांबडं गेट तिथे का, हेही कळलं नव्हतं. तरीही मी दुसरा कागद घेतला.