उलट्या लागलेल्या बारा काड्या

आंधळगावचा यादोराव चाळीस वर्षांपासून फुलझाडांची रोपं करतो. मोगरा, कण्हेर, बोगनवेल, जास्वंद. पण खरं सांगायचं तर ते काम दोघांचं होतं. काडी कापायची बायकोनं, धुरपतानं, आणि मातीत खोचायची यादोरावानं. धुरपता काडीचं खालचं टोक तिरपं कापायची, वरचं सरळ. यादोराव काडीकडे बघायचासुद्धा नाही. अंगठ्याला तिरपं टोक लागलं की ते मातीत. हात काडीवर आणि तोंड गावभरच्या गप्पांवर, असा त्याचा कारभार.

धुरपता आखाडीच्या आधी गेली. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. यादोराव रडला नाही. सून रीना ताट वाढायची, तो जेवायचा, आणि काय जेवला ते विचारलं तर सांगता यायचं नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

तिच्या दुखण्यात बागेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात विहिरीजवळच्या पिवळ्या जास्वंदीला वाळवीनं गाठलं. ते झाड धुरपतानं लग्नाच्या वर्षी सिहोऱ्याहून, माहेरून आणलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. "हे विकाले नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, म्हणून त्याचं दुसरं रोप कधी झालंच नाही. आता एक फांदी तेवढी हिरवी उरली होती.

यादोरावानं ती फांदी तोडली. जन्मात पहिल्यांदा स्वतः काड्या कापल्या, बारा पिशव्यांत लावल्या, पाणी घातलं आणि ओट्यावर जाऊन बसला.

आठ दिवसांनी रीना धानाच्या रोवण्यावरून आली. हातपाय धुता धुता थांबली.

"मामाजी, ह्या काड्या कोनं लावल्या?"

"मीच."

"उलट्या लागल्या ना! डोळे पहा, जमिनीकडं तोंड करून आहेत."

यादोरावानं एक उपटून पाहिली. कोंब फुटायचा डोळा खरंच खाली बघत होता. कापताना त्यानं फांदीचा शेंडा आपल्याकडे धरला होता, तिरपा काप शेंड्याच्याच बाजूला बसला. अंगठ्यानं मात्र आपलं काम चोख केलं होतं.

"बाराच्या बारा," तो म्हणाला. जसं काही शेजाऱ्याच्या झाडांचं सांगतोय.

रीनानं कात्री आणली. सात काड्या वाळून गेल्या होत्या. उरलेल्या पाचांची टोकं तिनं नव्यानं कापली, खालचं तिरपं, वरचं सरळ, आणि एकेक त्याच्या हातात दिली.

"तुले कोनं शिकवलं?"

"सासूबाईनं. कापता कापता सांगत जायच्या."

"मले तं कधी नाही सांगतलं."

"तुमी कधी चूप बसले का, मामाजी?"

यादोरावानं नाकातून हवा सोडली. हसू म्हणावं तर हसू नाही. काडीवरून अंगठा फिरवला, या खेपेला डोळ्यांनीही पाहिलं, आणि मातीत खोचली.

चार काड्या काळ्या पडल्या. पोळ्याच्या दोन दिवस आधी पाचवीला मुगाएवढं पान आलं.

"मामाजी, लागली!" रीना ओरडली.

तो आला, वाकून पाहिलं. पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि वाळवीपासून लांब, ओट्यावर, धुरपता काड्या कापायला बसायची तिथे ठेवली. शेजारी टेकला.

"रीना," त्यानं हाक मारली, "चहा भेटन का?"