रंगाखालचा नंबर

सन २००६. माझं वय तेव्हा सहासष्ट, आणि सहायक फौजदार म्हणून सेवानिवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कुठल्या ठाण्याच्या हद्दीतली म्हणाल तर कुठल्याच नाही. स्टेशन डायरीत नोंद नाही, पंचनामा नाही. अमेरिकेत, नेपरव्हिल नावाच्या गावी, माझ्या मुलाच्या गॅरेजात ती उघडकीस आली. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. मी सातवीला बसलो होतो, पास झालो नाही. तेव्हा लिहिण्यात चुका असतील. तपासात चूक एकच झाली, ती पुढे येईल.

मुलाकडे एक जुनी अमेरिकन गाडी होती. तिकडे तिला स्टेशन वॅगन म्हणतात. पुढून मोटार, मागून टेम्पो, बाजूंना लाकडी फळीसारखी पट्टी. नऊ माणसं आरामात बसतील. सगळ्यात मागची सीट उलटी, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड मागे पडणाऱ्या रस्त्याकडे. माझं लग्न झालं त्या सुमाराची गाडी. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ती स्वतःच्या शेडमध्ये नव्याने बांधली होती आणि मुलाने २००१ साली त्याच्याकडून घेतली होती. तेव्हापासून दर शनिवारी हा तिच्याखाली आडवा. नवीन इंजिन बसवलं, एसी बसवला, सगळ्या सीटना पट्टे लावले.

सूनबाई म्हणायची, "बाबा, यांचं पहिलं लग्न तिच्याशी झालंय. मी आपली नंतरची."

मला एअरपोर्टवरून आणलं तेही त्याच गाडीतून. मुलगा म्हणाला, "बाबा, मागच्या सीटवर बसून बघा, मस्त वाटतं." मी म्हणालो, "मागे तोंड करून आम्ही आरोपी बसवायचो. मी पुढे बसतो."

त्या उन्हाळ्यात त्याने ब्रेक बदलायला काढले. चारही चाकं उतरवून गाडी स्टँडवर चढवली. मी रंगाची रिकामी बादली पालथी घालून शेजारी बसायचो आणि पाने द्यायचो. तिकडे पाने इंचात असतात. मी ते दोन दिवसांत पाठ केले. आमच्या ठाण्याच्या जीपचं काम मी वीस वर्षं बघितलेलं, मला काही नवीन नव्हतं.

गुन्ह्याची खबर मला माणसाने दिली नाही, लोखंडाने दिली. मुलगा फोन घ्यायला आत गेला होता. मागच्या चाकाच्या जागी चासी उघडी पडली होती. सगळी जुनाट, मळकट. फक्त एके ठिकाणी तळहाताएवढा काळाभोर रंग. चोरीची जीप ठाण्यात आली की आम्ही पहिल्यांदा नवा रंग कुठे आहे ते बघायचो. चोर गंज लपवत नाही, नंबर लपवतो. मी तारेचा ब्रश घेतला आणि रंग खरवडला. खाली नंबर निघाला.

कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की चासीचा छाप उठतो. ती सवय हातात होतीच. छाप घेतला. सूनबाईकडून गाडीचे कागद मागून घेतले आणि एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. नंबर वेगळा. चोरीचा माल, आणि पोलिसाच्या घरात.

मुलगा आला. त्याने छाप बघितला आणि हसला.

"बाबा, कस्टम-बिल्ट गाडी आहे ही. चासी एकीची, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरीचं. इथे एकदम कॉमन आहे. लीगल असतं सगळं."

"असेल. मग रंग कशाला?"

"ते त्या म्हाताऱ्याला विचारा."

"विचारतो. ने मला."

"अहो बाबा, इथे पोलीसगिरी नका ना करू. रिटायर झालात तुम्ही."

"पगार रिटायर झाला," मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस मी त्या गाडीला हात लावला नाही. सूनबाई मध्ये पडली, तिलाही सांगितलं, आधी त्या मेकॅनिकची भेट. शेवटी ब्रेकचं काम झालं, गाडी लांबवर पळवून बघायची होती, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "चला. एकदाचं समाधान करून घ्या."

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना मका लागला, तो तासभर संपला नाही. मेकॅनिक माझ्याच वयाचा निघाला. पँटला खांद्यावरून पट्टे, हाताला ग्रीस. शेडमध्ये बसवून त्याने आम्हाला कॉफी दिली. मला इंग्रजी येत नाही. मी मराठीत विचारायचो, मुलगा इंग्रजीत सांगायचा, आणि उत्तर मराठीत मला द्यायचा.

चौकशीची माझी पद्धत साधी. मारझोड नाही. एकच गोष्ट तीन वेळा, तीन वाटांनी विचारायची. खोटं बोलणारा तिन्ही वेळा एकच वाक्य बोलतो, खरं बोलणारा दर वेळी काहीतरी जास्त सांगतो.

मी विचारलं, चासी कुठून आणली? मुलगा म्हणाला, "भंगारातून."

थोड्या वेळाने विचारलं, चासी आणली तेव्हा वर बॉडी होती का? म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि बराच वेळ बोलला. बोलताना त्याने दाराकडे, रस्त्याकडे हात केला. एकदा डोळे पुसले. मुलाने मला सांगितलं, "तो म्हणतो, आठवत नाही."

इथे मला थांबावं लागलं. सीमेलगतच्या ठाण्यात मी सहा वर्षं काढली. तिथे कानडी साक्षीदार यायचे, दुभाषा लागायचा. तेव्हाच्या आमच्या मोठ्या साहेबांनी एक गोष्ट शिकवली होती. साक्षीदाराचा जबाब लांब आणि दुभाषाचं सांगणं आखूड, तर साक्षीदाराला सोड, दुभाषाला धर.

मी तिसरा प्रश्न विचारला नाही. मी म्हाताऱ्याकडे बघत होतो, आणि म्हातारा माझ्याकडे नाही, माझ्या मुलाकडे बघत होता. हे सगळं मी तुला आधीच सांगितलंय, मग आज परत का विचारतोस, असं त्या बघण्यात होतं. भाषा लागत नाही त्याला.

कॉफी तशीच ठेवून मी उठलो.

परत येताना मक्यातून गाडी चालली होती. नवे ब्रेक छान लागत होते. मी समोर बघत विचारलं, "तो रंग कुणी लावला?"

त्याने एसी वाढवला.

"मी विचारलं, रंग कुणी लावला?"

"मी," तो म्हणाला.

चोऱ्या बघितल्या, खून बघितले. त्या एका अक्षराने मी जेवढा हादरलो तेवढा कधी हादरलो नव्हतो.

मग त्याने गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. ही गाडी पुढच्या गावातल्या एका बाईची होती. नवरा वारल्यावर ब्रेक दुरुस्त करायला म्हणून तिने ती मेकॅनिककडे सोडली. त्याच्याकडे तसलीच एक गाडी अपघातात चेंदामेंदा होऊन पडली होती. तिचे कागद चांगले होते. त्याने बाईला सांगितलं, तुमच्या गाडीची चासी सडली, भंगारात दिली. आणि अपघातवालीचा नंबराचा पत्रा बाईच्या गाडीला बसवून, तिलाच नटवून विकली. मुलाला घेताना हे माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इंजिन बदलताना त्याला चासीवरचा नंबर दिसला. त्याने जाऊन विचारलं. म्हातारा तेव्हाच सगळं बोलला. घरी येऊन माझ्या मुलाने ब्रश घेतला आणि नंबरावर रंग मारला.

"ती बाई आहे अजून?"

"आहे."

"भेटली कधी?"

तो स्टिअरिंगवर हात फिरवत होता. "एकदा. मागच्या साली. तिच्या गावात जुन्या गाड्यांचा शो होता. मी ही नेली होती. ती आली, दाराला हात लावून म्हणाली, अगदी आमच्यासारखी आहे. मागच्या सीटवर माझी मुलं बसायची. रस्ताभर मागच्या गाड्यांना टाटा करायची."

"मग? तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो."

मी काच खाली केली.

"तुम्ही रिपोर्ट करणार, बाबा?"

"मी इथला कोण? मला एक फॉर्म भरता येत नाही. पण फिर्यादीला आपला माल कुठे आहे ते कळायला नको? पुढे पोलिसांत जायचं, माफ करायचं, ते ती बघेल."

"ती गाडी घेऊन जाईल, बाबा. पाच वर्षं झाली. दर शनिवार दिलाय मी. नोकरी कंपनीची, घर बँकेचं. स्वतःच्या हाताने केलेली एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे."

मी एवढंच म्हणालो, "हाताने केलीस, खरं आहे. रंगही हातानेच लावलास."

घरी सूनबाईने ताटं वाढली. दोघांच्या तोंडाकडे बघून ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते लिहितो. नोकरीत असताना ठाण्याच्या पायरीवर आरोपीचे बाप येऊन बसायचे. सगळे एकच सांगायचे, साहेब, माझा पोरगा असं करणार नाही. मी हसायचो. पुढे ये, म्हणायचो, तुझा पोरगा काय करतो ते तुला सगळ्यात शेवटी कळतं. मला वाटायचं ते खोटं बोलतात. ते खोटं बोलत नव्हते. माझ्यासमोर तळहाताएवढा ताजा रंग होता, गाडी पाच वर्षं माझ्या मुलाच्या ताब्यात होती, आणि मी तासभर मक्यातून परक्या माणसाची चौकशी करायला गेलो. ठाण्यातला नवा शिपाईसुद्धा पहिल्यांदा विचारेल, वस्तू कुणाच्या ताब्यात आहे. मी विचारलं नाही. संशयितांच्या यादीतलं पहिलं नाव मी यादी करायच्या आधीच खोडलं होतं. तपासातली चूक म्हणालो होतो, ती ही. त्या पायरीवरच्या बापांची मला आता लाज वाटते. म्हणजे त्यांची नव्हे, माझी.

आज त्या गॅरेजात गवत कापायचं मशीन उभं असतं. बाकी जागा रिकामी आहे.

मेकॅनिककडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर अंघोळ केली आणि खाली आलो. मला वाटलं होतं, त्याच्याशी पुन्हा भांडावं लागेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर गाडीच्या दोन्ही चाव्या, कागद, आणि मी काढलेला पेन्सिलीचा छाप. तो त्याने घडी न करता पुठ्ठ्यावर लावला होता. सूनबाई चहा गाळत होती, तिचे डोळे सुजलेले होते. तिला त्याने सांगितलं होतं.

गॅरेजचं दार वर गेलं. त्याने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी गाडीला वळसा घालून मागे गेलो, मागचा फाळका उघडला आणि त्या उलट्या सीटवर चढून बसलो.

"बाबा, पुढे या ना. तिथे आरोपी बसवायचे ना तुम्ही?"

"आरोपीचा बाप कुठे बसवायचा ते कुठल्या नियमात नाही," मी म्हणालो. "चल."

वाटेत एका मागच्या गाडीतल्या मुलीने मला हात हलवला. मीही हलवला.

त्या बाईचं घर पांढरं, पुढे पायऱ्या. मुलगा खालच्या पायरीवर अडला. आयुष्यभर मी लोकांच्या दाराची कडी वाजवली, आरोपीला मागे उभं करून. त्या दिवशी मी बेल दाबली आणि दोन पावलं मागे सरून मुलाच्या पाठीशी उभा राहिलो. आत चप्पल घासत येण्याचा आवाज झाला, आणि त्याने छापाचा कागद दोन्ही हातांत समोर धरला.