मी चालत, सासरे मोटरसायकलवर

आज सकाळी जिंतूरच्या मैदानावर चालत होते. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर कायमचं दुखणं. रोज थोडं थोडं चालणं हाच उपचार, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तेवढ्यात आमचे चुलत सासरे मोटरसायकलवर आले. गल्लीच्या टोकावरून तंबाखूची पुडी आणायलाही हे गाडी काढतात.

"भाकरी थापायला हात दुखायलेत, अन् फिरायला बरं जमायलंय?"

सासरे समोर आले की सुनेनं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. मी थांबले नाही. मग बोलणं पुरं करायला त्यांनीच गाडी माझ्यामागं हळूहळू चालवली.

"मामा, हे औषध हाय."

"औषध मेडिकलात मिळतंय. सोंग हाय समदं."

परवा मी पडून होते, तेव्हाही हेच म्हणाले होते.

तुमच्या दुखण्याचा निकाल गाडीवर बसून कोण देतं?