गोळा सुटेपर्यंत

माझे सासरे बळवंतराव, म्हणजे आमचे आबासाहेब, फार कमी बोलत. लग्न होऊन मी पाणीगेटच्या या घरात आले तेव्हा मला वाटायचं, यांचा माझ्यावर राग आहे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोरव्याची. वडील जळगावहून कारखान्यात नोकरीला आले आणि बडोद्याचेच झाले. आमच्या घरी सगळे एकदम बोलायचे, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. इथे सगळंच वेगळं. यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि सुनेलाही 'तुम्ही' म्हणायची रीत अजून टिकून होती. "सूनबाई, तुम्ही जेवलात?" हे आबासाहेबांचं दिवसातलं सर्वांत लांब वाक्य. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा, दिग्विजय, दहेजच्या एका केमिकल प्लांटमध्ये. शनिवारी यायचा, सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. एरवी घरात मी आणि आबासाहेब.

बाहेर मात्र लोक त्यांना वस्ताद म्हणत. नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटरची केली, पण जीव गल्लीमागच्या तालमीत. कुस्ती आणि मल्लखांब त्यांनी तिथे बापांना शिकवला, मग त्यांच्या मुलांना. पंचाहत्तरी उलटली तरी संध्याकाळी जाऊन कट्ट्यावर बसत. ते तिथे काय करतात, कसे बोलतात, मला काहीच ठाऊक नव्हतं.

मला सहावा महिना लागला होता. एका सकाळी अंथरुणातच आळस दिला, पाय ताणले, आणि उजव्या पोटरीत कुणीतरी आतून मांस धरून पिळावं तसं झालं. मी किंचाळले. हात लावून पाहिलं तर पोटरीचा दगड झालेला. माझाच पाय, पण माझं ऐकेना.

पलीकडच्या खोलीतून पावलं आली आणि पडद्यापाशी थांबली.

"सूनबाई?"

"पायात गोळा आलाय, आबासाहेब!"

पडदा हलला नाही. सुनेच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. पण पडद्यामागून जो आवाज आला, तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"चवडा ताणू नकोस! बोटं आपल्याकडे ओढ. गुडघा सरळ!"

"हात पोचत नाही. पोट मध्ये येतंय."

"मग टाच भिंतीला लाव. लावलीस? आता ढकल. पाडायचीय ती भिंत! श्वास कोंडू नकोस. सोड. आणखी सोड."

मी रडत रडत भिंत ढकलत होते. आणि तो दगड हळूहळू विरघळायला लागला. मी तसाच हात ठेवून होते. आधी कडा मऊ झाल्या, मग मधला भाग, आणि पाय परत माझा झाला.

"सुटला?" पडद्यामागून विचारणा झाली.

"सुटला."

"आता लगेच उठू नका. मी पाणी आणतो." पुन्हा 'तुम्ही'. मी हसू की रडू, कळेना.

त्या आठवड्यात डॉक्टर मृदुलाबेनना दाखवलं. त्या म्हणाल्या, या दिवसांत असे गोळे येतात, घाबरू नकोस. पाणी भरपूर पी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस तर मधून मधून उठून चाल, झोपण्याआधी पोटऱ्या ताण. गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर आबासाहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी थोडक्यात सांगायला गेले, तर म्हणाले, "थोडक्यात नको. सगळं सांगा." मी आठवून आठवून सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते, शाळेत धडा ऐकणाऱ्या पोरासारखे.

त्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. संध्याकाळी मी ऑफिसहून आले की ते ओसरीवर उभेच. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीवरून सुटू द्यायची नाही. आधी स्वतः करून दाखवत. धोतरातली ती पोटरी इतकी सुरेख हलायची की मी बघतच राहायचे. पलंगाची जुनी नवार कापून त्यांनी मला एक पट्टाही करून दिला. तो चवड्यात अडकवला की बसल्या बसल्या बोटं आपल्याकडे ओढता यायची, पोटावरून वाकायला नको.

एकदा असाच पट्टा ओढत असताना पोटात बाळाने जोरात ढुशी दिली. माझा ड्रेस हलला. आबासाहेबांनी ते पाहिलं आणि चटकन नजर वळवली. मग म्हणाले, "सूनबाई, एक विचारू? ते तुम्ही करता का?"

"काय?"

"ते आतलं. हाडं, पोटऱ्या, नखं. तुम्हाला काही करावं लागतं?"

"नाही हो. मी तर दिवसभर पंपाची ड्रॉइंग्ज काढते. ते आपोआप होतं."

"आपोआप," ते म्हणाले. "एका पोराच्या मांडीला आकार यायला आम्हाला वर्षं लागतात. रोज माती, रोज घाम. आणि इथे..." पायरीवर बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी देवळात गेलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही क्वचितच पाहिलंय. खरं सांगायचं तर तोवर मला स्वतःला त्याचं नवल वाटलं नव्हतं. उलट्या, जळजळ, गोळे, सुजलेली पावलं, यातच मी गुंतले होते. त्या संध्याकाळी पोटावर हात ठेवून मी पहिल्यांदा पुढच्या ढुशीची वाट बघत बसले.

सातव्या महिन्यात एकदा ओट्यापाशी उभी असताना गोळा आला. कुकरची शिट्टी होत होती, भिंत लांब, आणि मी तोल जाऊन ओट्याला लटकले. आबासाहेब धावत आले. दारात क्षणभर अडखळले. मग सरळ आत आले, फरशीवर गुडघे टेकले आणि माझी टाच हातात घेतली.

"आबासाहेब, नको! माझा पाय..."

"गप. वजन माझ्या खांद्यावर टाक."

ज्यांच्या पायाशी मी सणावारी वाकत होते, त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर माझा हात होता. त्यांनी चवडा हळूच वर दाबला. जोर नाही, घाई नाही. असं वाटलं की त्या हातांना माझ्या पायातलं सगळं दिसतंय. गोळा सुटला तेव्हा त्यांनी पाय अलगद जमिनीवर ठेवला, गॅस बंद केला आणि ओसरीवर गेले. त्या दिवशी वरणाला फोडणी त्यांनीच दिली.

आठव्या महिन्यात एका सकाळी डाव्या पोटरीत दुखू लागलं. मी भिंतीला टाच लावली, पट्टा ओढला. कमी होईना. दुपारपर्यंत पाऊल टेकवेना. शेजारच्या कोकिळाबेन मोहरीचं तेल गरम करूनच आल्या. "गोटला चढ्या छे, बेटा. आण पाय, चोळून देते, हमणां मटी जशे, आत्ता बरं होईल."

त्यांनी वाटीत बोटं बुडवली, तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "थांबा, बेन. हात नका लावू."

"केम?"

ते माझ्या दोन्ही पायांकडे बघत होते. "सूनबाई, डावा पाय जास्त सुजलाय. गरम लागतो?"

मी हात लावला. खरंच गरम होता, आणि थोडा लालसर.

"गोळा सुटतो," ते म्हणाले. "कितीही वाईट असला तरी सुटतो. हा सकाळपासून सुटत नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? एकच पाय सुजला, गरम झाला, तर चोळायचा नाही, लगेच यायचं."

मृदुलाबेन असं म्हणाल्या होत्या. मीच घरी येऊन ते वाक्य त्यांना सांगितलं होतं आणि मी ते साफ विसरले होते.

"हे माझ्या हातातलं नाही," ते म्हणाले. "चला." तोवर ते रिक्षा बोलवायला निघालेही होते.

सोनोग्राफीत दिसलं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. मृदुलाबेननी समजावून सांगितलं: ती सुटून छातीत गेली असती तर जिवावर बेतलं असतं. "कोईए चोळ्युं तो नथी ने? कुणी चोळलं नाही ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं आणि बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. आबासाहेब तिथे ताठ बसले होते, मांडीवर माझी पर्स, तीही दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. कोकिळाबेन त्यांच्या शेजारी डोळे पुसत होत्या.

काही दिवसांनी घरी आले ती रोजच्या इंजेक्शनांसकट. रक्त पातळ ठेवायची ती इंजेक्शनं, पोटाच्या कातडीत स्वतःच टोचायची. दिग्विजयने पहिली काही दिली. रजा संपली तशी मी शिकले. पहिल्यांदा स्वतः टोचलं तेव्हा आबासाहेब दारातच होते. मी कातडी चिमटीत धरली, सुई आत गेली, आणि धप्प आवाज आला. वस्ताद खुर्चीत बसले होते, चेहरा पांढराफटक.

"आबासाहेब! पाणी देऊ?"

"राहू द्या." घाम पुसत म्हणाले, "हाडं मोडलेली पोरं मी खांद्यावर टाकून नेलीत. पण स्वतःच्या हाताने, तेही रोज... आणि तुम्ही वर मला पाणी विचारता."

नंतर कळलं, तालमीत त्यांनी पोरांना हे सांगितलं होतं. कुणी दुखतंय म्हटलं की म्हणायचे, घरी या, आमच्या सूनबाईंना भेटा.

दिवस भरल्यावर मृदुलाबेननी इंजेक्शनं थांबवून बाळंतपणाची तारीख दिली. मुलगी झाली. अवघड गेलं, पण नीट पार पडलं. गुठळीही विरत चालली होती. इंजेक्शनं मात्र पुढेही काही आठवडे घ्यायची होती.

दुपारी आबासाहेब आले. खोलीबाहेर चपला काढल्या. दिग्विजय म्हणाला, "घ्या ना उचलून." ते नाही म्हणाले, हात खरखरीत आहेत. पाळण्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले, पाठीमागे हात बांधून. नर्स आली, गेली. चहा आला, तो तसाच निवला. मी डोळे मिटून पडले होते, पण झोप लागली नव्हती.

अचानक त्यांनी दिग्विजयचा दंड धरला. "अरे," ते कुजबुजले, "बघ, बघ! जांभई दिली!"