मापटं आणि पायली

मुरबाडच्या एसटी स्टँडासमोर गिरजाने टेलिफोन बूथ टाकला, तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस हे काय चालवणार! २००१ साली तिने त्यात कॉम्प्युटर आणि मोडेम आणून ठेवला, तेव्हा तेच लोक म्हणाले, आता ही बुडणार. गिरजा दोन्ही वेळा हसली. लोकांची तोंडं बंद करत बसलं तर दुकान उघडायचं कधी?

एकच गोष्ट तिला सोसायची नाही. कुणी तिच्या मापाला नाव ठेवलं की तिचं डोकं फिरायचं. भातकऱ्याची लेक ती. पायली भरताना तिच्या बापाने कधी मूठ आखडली नव्हती.

एकदा सिद्धगडाच्या पायथ्याचे देवजीबाबा फोटो घेऊन आले. मुलगा मस्कतला वेल्डर, त्याला ईमेलने पाठवायचा होता. फोटो नातीचा नव्हे, म्हसा गावच्या जत्रेत विकत घेतलेल्या बैलाचा! गिरजाने तो कॉम्प्युटरात चढवला. फाइल भरली पाचशे साठ के, आणि मोडेमवर लिहिलेलं सेकंदाला छप्पन्न के.

"दहा अंक मोजा बाबा, बैल मस्कतला पोचला म्हणून समजा," ती छातीठोकपणे म्हणाली.

बाबा मोठ्याने मोजू लागले. दहा झाले, वीस झाले. साठाला बाकावरची गिऱ्हाइकंही सुरात सूर मिसळू लागली. ऐंशी उलटले तरी बैल वाटेतच.

"पोरी, तुझ्या मापात पाप हाय गो," बाबा सगळ्यांदेखत म्हणाले आणि जीप पकडायला निघून गेले.

गिरजाला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी टेलिफोनचा लाइनमन आला, त्याला तिने धरलंच. त्याने सांगितलं, फाइल बाइटमध्ये मोजतात, लाइन बिटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.

"म्हंजे आठ मापटी, एक पायली!" गिरजा ओरडलीच. फाइल पायलीने भरलेली आणि लाइन मापट्याने ओतणारी. छप्पन्न मापटी म्हणजे जेमतेम सात पायल्या. ती तडक देवजीबाबांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "बाबा, चुकले मी. पन पाप नाय केलं," असं तिने भावकीसमोर सांगितलं. तेव्हापासून ती गिऱ्हाइकाला आधीच खरा वेळ सांगे, आणि बाजारात तिच्या शब्दाला वजन आलं.

ते वजन २००९ साली शहापूरच्या दिपेशला हवं होतं. हा केबलवाला मुरबाडात फायबर आणत होता. गिरजाला एजन्सी मिळणार होती. अट एवढीच, की बोर्डावर तिचा फोटो, आणि खाली 'गिरजाताई सांगतात, जुन्या लाइनीच्या तीनशे पट!'

"तीनशे कुठून आनलेस रे?"

"ताई, जुनी लाइन सातची, नवी दोन हजारची. करा भागाकार, तीनशेच्या घरात जातंय."

"सात पायल्या आन् दोन हजार मापटी! दोन्ही मापट्यानं मोज की. दोन हजार भागिले छप्पन्न. छत्तीस पट होते."

दिपेश कसला बिचकतो! "मला काय कळत नाय का? पन छत्तीसचा आकडा कोन बोर्डावर लावतं? लोकांना कुठं कळतंय?"

"लोक म्हंजे कोन रे? मीच लोक. छत्तीस लिही, नायतर उचल तुझी वायर."

त्याने वायर उचलली आणि समोरच्या नथू झेरॉक्सवाल्याला दिली. 'तीनशे पट'चा बोर्डही नथूच्याच दारावर चढला. फायबर समोर गेल्यावर आपल्या मोडेमकडे कुत्रंही फिरकणार नाही, हे गिरजाला स्वच्छ दिसत होतं. तिचा जीव तुटला. पण तिने खडू घेतला आणि स्वतःच्याच दाराच्या फळीवर लिहिलं: 'समोरची लाइन छत्तीस पट आहे, तीनशे नाही. तरी तीच घ्या. चांगली आहे.'

दिपेश धावत आला. "ताई, डोकं फिरलं काय? तुमचंच दुकान बसंल!"

"बसू दे. खोट्या मापावर उभं ऱ्हायचं नाय मला."

नथूकडे नोंदणी सुरू झाली त्या सकाळी रांगेत पहिली गिरजाच होती. मागे निम्मा बाजार. कनेक्शनचे पैसे तिने टेबलावर ठेवले, पण हात नोटांवरून काढला नाही.

"पावतीवर लिही, छत्तीस पट. तीनशेवाली मला नको."

नथूने दिपेशकडे पाहिलं. दिपेशने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे कुजबुज सुरू झाली होती. गिरजा तीनशे सोडून छत्तीस मागते, म्हणजे छत्तीसवालीच पक्की असणार!

"आमाला पन छत्तीसवालीच द्या," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला, मग सगळेच. हातात पैसे, पण तीनशेला कुणी शिवेना. शेवटी नथू स्टुलावर चढला आणि बोर्ड उतरवू लागला.

"दिपेश, स्टूल धर रे," गिरजा म्हणाली. "पडंल तो."