कार्डाची घेरी आणि माझा ‘वा!’

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मद्रासमध्ये मी चार महिने एका कार्डाची शुश्रूषा केली. आमची कंपनी युनिक्सवर चालणारे मोठे संगणक बनवायची. एकेका यंत्राला सोळा टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कळफलक, असत, आणि सोळा जणांच्या टकटकीने मुख्य प्रोसेसरची झोपमोड होऊ नये म्हणून ते काम एका वेगळ्या कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरला दिलेलं असे. हा छोटा कष्टाळू होता, पण त्याला मधूनच घेरी यायची. कार्ड बाहेरून विकत आणलेलं, त्यामुळे त्याच्या पोटात हात घालायची सोय नव्हती. ते आडवं झालं की सोळाही पडदे गोठत आणि सगळं यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागे.

ते टाळायचं काम माझ्याकडे होतं. कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यात, या कार्डाला सांभाळणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमध्ये, हे सांगितलं, तर शेजारच्या खोलीतल्याने विचारलं, “कुठल्या रूटवर?” मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. स्वभावच तसा होता. नोकरीतही अजून कच्चाच होतो. ग्राहकाने चाचणीच्या कागदावर सही केली तर कायम, नाहीतर सांगलीची गाडी, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

माझी युक्ती सोपी होती. ड्रायव्हर दर सेकंदाला कार्डाला विचारायचा, “आहेस ना?” तीनदा उत्तर आलं नाही की कान धरून त्याला उठवायचं, त्याचा प्रोग्रॅम त्याच्यात पुन्हा ओतायचा, आणि पडताना हातात असलेलं काम परत हातात द्यायचं. यातलं शेवटचं कलम माझ्या अभिमानाचं. एक अक्षर हरवणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आमच्या टीमच्या प्रमुख तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचं मराठी माझ्या पणजीच्या मराठीहून जुनं आणि चाल थेट तमिळ. त्या म्हणाल्या, “जे खाऊन पडला तेच पुन्हा वाढतोस कसाला रे? त्यानं पुन्हा पडला तर?” मी मान डोलावली आणि काही बदललं नाही.

चाचणी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होती. सही करणार होते तिथले स्टोअरकीपर. निवृत्तीला आलेले, कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते टर्मिनलवर बसले, मी पलीकडे कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पडद्यापाशी, आणि अक्का माझ्यामागे. त्यांनी कुठल्याशा बोल्टाचं मारुतीच्या शेपटासारखं लांब नाव टाकलं, आणि ती ओळ पडद्यावर दाखवताना कार्डाने मान टाकली. पडदे गोठले. तीन सेकंद गेले. माझ्या ड्रायव्हरने त्याला उठवलं, पडदे हलले, आणि मी आनंदाने ओरडलो, “वा!”

स्टोअरकीपर उठून माझ्यापाशी आले. “एन्न?” म्हणाले, म्हणजे काय हवंय. मी त्यांच्याकडे बघून नुसता हसलो, तेही हसले. तोवर ड्रायव्हरने इमानेइतबारे तीच लांब ओळ कार्डाच्या हातात दिली होती आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ते जागेवर परतत होते, तेवढ्यात कार्ड पुन्हा उठलं. मी पुन्हा “वा! वा!” केलं. ते पुन्हा आले, यावेळी हसले नाहीत. कार्ड पडत होतं, उठत होतं, मी ओरडत होतो. चौथ्या वेळी ते हाताची घडी घालून बसले आणि अक्कांना म्हणाले की सही होणार नाही.

मला वाटलं, कार्डामुळे. अक्कांनी कपाळावर हात मारला. “अय्यय्यो! तमिळात ‘वा’ म्हणजे ‘ये’! तेही लहान पोराला म्हणायचं. ते केवढे मोठे, त्यांस मॅनेजर पण ‘वांग’ म्हणतो.”

“वांगं?” मी म्हणालो.

“वांग! या, म्हणजे!”

मी आधी चिडलो. शाबासकी द्यायलाही माणसाने शब्दकोश बाळगायचा का? पण समोर पंख्याखाली बसलेला तो म्हातारा माणूस दिसला, आणि वडिलांना कुणी चारचौघांत ‘ए, इकडे ये’ म्हटलं असतं तर मला काय वाटलं असतं ते मनात येऊन शरमेने कान तापले. हात जोडून माफी मागितली. अक्कांनी ती तमिळमध्ये सांगितली. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला मद्रासमध्ये कधीच कळलं नाही.

मग मी अक्कांचं ऐकलं. कार्ड उठल्यावर ती ओळ परत द्यायची नाही. ज्या प्रोग्रॅमने ती दिली त्याला सरळ सांगायचं की तुझं काम झालं नाही. अभिमानाच्या त्या चार ओळी मी स्वतःच खोडल्या. कर्नेल नव्याने बांधून यंत्र चालू करायला अर्धा तास गेला.

स्टोअरकीपरनी तेच लांब नाव पुन्हा टाकलं. कार्ड पडलं, उठलं, आणि उभं राहिलं. पंधरा जण कामाला लागले. सोळाव्या पडद्यावर, म्हणजे नेमक्या त्यांच्याच, इंग्रजीत ओळ आली: ही नोंद घेतली गेली नाही, पुन्हा भरा. एक अक्षर हरवणार नाही म्हणणारा मी, आणि गेली ती नेमकी सही करणाऱ्याची नोंद.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग अक्कांना काहीतरी म्हणाले, आणि अक्कांनी मला सांगितलं, “म्हणतात, तीस वर्षांत या फॅक्टरीत काम नाही झालं म्हणून आपण होऊन सांगणारं हेच पहिलं. बाकी माणसं, यंत्रं, अस्के ‘झालं, सार’ म्हणतात.”

चार महिने मी जे होऊ नये म्हणून धडपडत होतो, ते त्यांनी चाचणीच्या कागदावर लिहिलं, आणि त्याच्याखाली सही केली.